साहेबाच्या चरित्राची राहिलेली दोन प्रकरणं

आजोबा, गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला होता. हे तुमचं जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून तुम्ही लिहीत होतात ते इंग्रज साहेबाचं चरित्र छापायचं घरात ठरलं आहे. शेवटची दोन प्रकरणं तुमच्या हातून राहिली, ती मी पुरी करावीत असं सगळ्यांना वाटतं. "तू तिकडे जपानात, सेंदाईत बसून त्याच माणसावर पीएचडी करतेस. तुला काय, दोन रविवारचं काम," काका म्हणाले. विचार करून सांगते म्हटलं, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. परवा प्लास्टिकचा कचरा उचलायच्या दिवशी ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले. शेजारच्या बाईंनी किंचित वाकून कचऱ्याच्या वारांच्या फलकाकडे हात केला. दिवसभर मला तेवढंच आठवत राहिलं.

दम्यामुळे मला लवकर शाळेत घातलं नव्हतं. माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, आणि मास्तर तुम्ही, वकिली सोडून घरी बसलेले. आजी मटार सोलते आहे आणि तुम्ही सांगता आहात. बोटीतून उतरलेला एक कोवळा इंग्रज पोरगा मराठीची परीक्षा देतो, असिस्टंट कलेक्टर होतो, पुढे जिल्ह्याचा न्यायाधीश. घोड्यावरून तालुके फिरतो. शास्त्र्यांना आणि जातीच्या पंचांना तंबूत बोलावून विचारतो, तुमच्यात वाटणी कशी होते, दत्तक कसा घेतात. त्यातून हिंदू कायद्यावरचा त्याचा ग्रंथ उभा राहतो. बायको पटकीने जाते, तिला छावणीच्या दफनभूमीत ठेवून तो परत कामाला बसतो. म्हातारपणी मायदेशी गेल्यावर त्याच्याशी मराठीत बोलायला कोणी नसतं, हे सांगताना तुमचा आवाज जड व्हायचा.

"तुमच्या साहेबाला म्हणावं, आमटी निवते आहे," आजी म्हणायची.

"अगं, त्याची बायको नुकतीच गेली आहे."

"ती दर आठवड्याला जाते. उठा."

एकदा मी म्हटलं, समोरच्या काकू फार भांडखोर आहेत. तुम्ही पेला खाली ठेवलात. "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलं. "कोणाकडून?" आजीकडून. "त्या काकूंना विचारलंस?" नाही. "मग ते वाक्य तुझं नाही. परत घे." मी रडले, पण परत घेतलं. आजही कुठलंही विधान करण्याआधी मी स्वतःला तेच तीन प्रश्न विचारते. इथल्या सेमिनारमध्ये सगळे त्याला माझा काटेकोरपणा म्हणतात.

साहेबाचा एक निकाल तुम्ही मला नमुना म्हणून वाचून दाखवला होता, कमी शब्दांत कसं लिहावं याचा. एका विधवेने दिरावर नवऱ्याच्या वाट्यासाठी दावा लावला होता. साहेबाने पंचांना विचारलं, तुमच्या जातीत विधवेला वाटा मिळतो का? पंच म्हणाले, मिळत नाही, पोटगी मिळते. दावा फेटाळला. इथे मी तो निकाल पुन्हा सबंध वाचला. ती बाई कचेरीच्या बाहेर उभी होती. सासरे गेल्यावर शेत माझ्या सासूच्या नावावर झालं होतं, माझं ऐकून घ्या, असा तिने निरोप पाठवला होता. साहेबाने तो निरोप नोंदवला आहे, आणि खाली लिहिलं आहे की रूढीचा प्रश्न बायकांच्या सांगण्यावरून ठरत नसतो. मग तोच निकाल त्याच्या ग्रंथात नियम होऊन बसला, आणि पुढच्या न्यायाधीशांनी ग्रंथ पाहून निकाल दिले. तुमच्या हस्तलिखितात या खटल्याबद्दल एकच वाक्य आहे: साहेबाने रूढीचा अत्यंत निःपक्षपाती शोध घेतला.

आजोबा, तुम्हाला ती बाई दिसली नाही, की दिसली आणि तुम्ही पुढे गेलात? हे मला कोणाकडूनच कळणार नाही.

माझ्या सेन्सेईंना, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांना, मी हे दाखवलं. इथल्या सरकारनेही एके काळी गावोगावच्या रूढी लिहून घेतल्या होत्या, त्यांचं काम त्यावरच आहे. "आमच्याकडेही गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांनाच बोलावत," म्हणाले. नंतर विचारलं, "तुमच्या आजोबांचं पुस्तक निघणार आहे ना? मग तुमच्या प्रबंधात त्याचाही उल्लेख करायला हवा. छापलं की ते संशोधनाचं साधन झालं."

आज सकाळी मी काकांना सांगितलं, प्रकरणं लिहीन, पण त्यात ती विधवा येईल, आणि ती प्रकरणं माझ्या नावावर असतील.

"कोण विधवा?"

मी सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काका म्हणाले, "अगं, बाबांच्या शताब्दीला हे कशाला? त्यांना आवडलं असतं का, एवढंच सांग."

"नसतं आवडलं."

"मग राहू दे. आहे तेवढंच छापू."

रागावले नव्हते. इकडे थंडी फार आहे का, स्वेटर पुरतात का, तेही विचारलं. फोन ठेवल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. खाली सायकलींच्या सीटवर बर्फ साचला होता आणि एक मुलगा हातमोज्याने आपली सीट पुसत होता. म्हणजे तुमचं पुस्तक अपुरं निघेल, ते वाक्य तुमच्या नावावर तसंच राहील, आणि साहेबाचा शब्द न तपासता ज्यांनी पुढे नेला त्यांच्यात मला तुम्हाला घालावं लागेल. टेबलाशी येऊन प्रबंधातली ती तळटीप लिहिली. तिथे आजोबा असं लिहायची सोय नसते. आधी आडनाव, मग नाव, तुम्ही कोणी परके असल्यासारखं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, काकांना तर नाहीच. तुम्ही गेल्यापासून प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक निबंधाला मला वाटत आलं आहे की हे वाचायला तुम्ही हवे होतात. आज ती तळटीप लिहून झाल्यावर, तुम्ही नाही आहात याचं मला हायसं वाटलं.