वर्षाच्या आत

नैरोबी, १८ जून १९४६

ती. स्व. भाऊजींस अनसूयेचा शिरसाष्टांग नमस्कार.

आज मंगळवार. सकाळी थंडी होती. चार तास शिकवले. मधल्या सुट्टीत टपाल आले, त्यात तुमचे मे महिन्यातले पत्र होते. दुपारी शिवणाचा तास घेऊन घरी आले.

हे गेले त्याला सात महिने होत आले. त्यांच्या जागी शाळेने मला ठेवून घेतले, याचा राग तुमच्या मनातून अजून गेलेला नाही. विधवेने समुद्रापलीकडे एकटे राहणे, हे शब्द तुम्ही दोनदा लिहिले आहेत. एकदा लिहिले असते तरी मला वाचता आले असते.

माझी चारू शिक्षणासाठी सांगलीला तुमच्या घरी आहे, हे तुमचे उपकार मी विसरलेले नाही. तिला वाईच्या वकिलांच्या मुलाचे स्थळ आले आहे आणि माझी लेखी संमती असल्याशिवाय ते बैठकीला बसणार नाहीत, हे समजले. वकील सावध दिसतात. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, ही रीत समजावण्यासाठी तुम्ही दोन पाने खर्ची घातलीत. मला ती माहीत होती. रीत मोडावी असे मी म्हणणार नाही. मात्र मुलाचे शिक्षण किती, हे पत्रात कोठेही नाही. त्यांच्या घराला माडी आहे, एवढे आहे. माडीची माहिती पुरेशी झाली, आता मुलाची कळवावी.

जाऊबाईंना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

अनसूया

सांगली, ५ जुलै १९४६

ती. आईस चारूचा सा. न. वि. वि.

मी इंग्रजी पाचवीत गेले. वर्गात तिसरी आले. काकांना सांगितले तर म्हणाले, आता पुरे झाले. आईने लग्नाला नकार लिहिला तर त्याच दिवशी तुझे नाव शाळेतून काढीन, असेही म्हणाले. म्हणून आई, रागाच्या भरात काही लिहू नकोस. मला मॅट्रिक व्हायचे आहे, आता तीनच वर्षे उरली आहेत. बाबांना मी तसे कबूल केले होते.

वाईची मंडळी पाहून गेली. मुलाच्या आईने मला खोलीभर चालून दाखवायला सांगितले. मी चालले. मुलाने मात्र बसूनच दाखवले. तो इंटरला तीनदा बसून नापास झाला आहे, हे काकूंकडून कळले. आपली बनुबाई भांडी घासता घासता म्हणाली, की आवं ताई, तीनदा बसलाय म्हंजी बसायची सवय तर लय चांगली हाय. काकूंनाही हसू आले, पण काका ओसरीवर होते.

तुला जेवण करायला कंटाळा येतो का? एकटी असलीस तरी करत जा.

तुझी चारू

सांगली, २२ ऑगस्ट १९४६

चि. गं. भा. अनसूया हीस आशीर्वाद.

टपालवाल्यांच्या संपामुळे तुझे जूनचे पत्र आत्ता हाती आले. ज्येष्ठातले मुहूर्त गेले. आता चातुर्मास आहे. तुळशीचे लग्न झाल्यापासून वर्षश्राद्धापर्यंत जेमतेम आठवडा मिळतो. त्यात कार्य झाले पाहिजे.

मुलगा इंटरपर्यंत शिकलेला आहे. घरची वकिली असल्यावर त्याहून अधिक शिकायचे कशाला? मुलींना शिकवून तुला प्रश्न विचारायची खोड लागलेली दिसते. माझ्या घरात ती कोणाला नाही. माझा धाकटा भाऊ अनंता आज असता, तर त्याने माझा शब्द खाली पडू दिला नसता.

संमती तारेने पाठव. एक शब्द पुरे.

वडीलकीचा मान राहावा, यापलीकडे मागणे नाही.

हरी

नैरोबी, २५ सप्टेंबर १९४६

ती. स्व. भाऊजींस नमस्कार.

तारेत एक शब्द मावतो हे खरे. एका शब्दात मुलगी देण्याची मला सवय नाही. इंटरपर्यंत म्हणजे इंटर पास, की नुसते बसले? मुलाची पत्रिका पाठवावी. येथे एक नाशिककडचे मास्तर आहेत, त्यांना पत्रिका पाहता येते. वकिलांच्या घरी माणसे किती, हेही लिहावे.

विमानाचे टपाल लवकर पोचते, पण इतक्या गंभीर विषयाला बोटच बरी, म्हणून हे पत्र बोटीने टाकत आहे. मी समुद्रापलीकडे आहे, हे तुम्हीच दोनदा लिहिले होते.

कृपा कमी झाली नसेल असे धरून चालते.

अनसूया

नैरोबी, १४ नोव्हेंबर १९४६

ती. स्व. भाऊजींस नमस्कार.

काल यांच्या वर्षश्राद्धाची तिथी होती. हे पत्र विमानाने पाठवत आहे, कारण ते तुम्हांला लवकर मिळायला हवे. संमती मागणाऱ्या तुमच्या दोन्ही तारा वेळेवर पोचल्या होत्या.

वर्ष उलटले. तुमच्याच रीतीप्रमाणे आता तीन वर्षे तुमच्या घरात चारूचे लग्न होत नाही. मी होकार दिलेला नाही आणि नकारही लिहिलेला नाही, माझी पत्रे काढून पाहावीत. तेव्हा तिचे नाव शाळेतून काढायला तुमच्याजवळ कारण उरलेले नाही. तीन वर्षे तिला घरी बसवलेत तर शेजारी विचारतील. शाळेत जात राहिली तर कोणी विचारणार नाही. तुम्हांला शेजाऱ्यांची फार काळजी असते, म्हणून सुचवले. वकिलांनाही हेच कळवावे. त्यांना थांबायचे असेल तर थांबोत. तेवढ्यात मुलगा कदाचित इंटर होईल.

तुमचा शब्द यांनी खाली पडू दिला नसता, असे तुम्ही लिहिलेत. मुलीला मॅट्रिक करायचे, हा त्यांचा शब्द होता. तो दवाखान्यात मी ऐकला. तुम्ही तेथे नव्हता.

श्राद्ध तुम्ही यथासांग केले असेल. मी येथे काही केले नाही. शाळेत गेले. पहिलाच तास यांच्या जुन्या वर्गावर होता, तो घेतला. नवऱ्याच्या मरणाचे वर्ष लवकर संपावे म्हणून मी चार महिने दिवस ढकलत होते. हे कोणाजवळ बोलण्यासारखे नाही. तुम्हांला लिहिते, कारण ते तुमच्यामुळे करावे लागले.

लोभ वाढवण्याची तसदी घेऊ नये. पत्र येथे थांबवते. ऊन उतरले आहे, दोरीवरचे पातळ वाळले असेल. ते काढून घडी घालायची आहे.

अनसूया