न ओळखलेला पेला

प्रिय ठमे,

इथून नेलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या तू तिकडे लावल्यास, त्यांची पहिली वाइन झाली, आणि बाटलीवर आपल्या मळ्याच्या उताराचं नाव छापू का असं विचारलंस. त्याला चार महिने झाले. छापखाना खोळंबला असेल, कळतंय मला. पण पेन हातात धरवेना.

इकडे छाटणी उरकली. एकटाच असल्याने लांबली, इतकंच. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवतो आणि हवामान सांगणाऱ्या बाईशी भांडतो. ती म्हणते आभाळ कोरडं राहील, मी पावसाआधी ठणकणारा माझा गुडघा पुढे करतो. घरात तेवढाच आवाज.

परवा गावच्या वाइनच्या सामाईक तळघरात दरवर्षीची बैठक झाली. पिंपांकडे पाठ करून बसायचं, तळघरवाला पेले भरणार, आणि ज्याने त्याने चवीवरून आपला उतार ओळखायचा. चुकेल त्याने सगळ्यांचे पेले विसळायचे. तीस वर्षांत माझे हात ओले झाले नव्हते. आपली वाइन जिभेला लागली की कळतेच. चुनखडीची कोरडी माती, दुपारनंतर खिंडीतून सुटणारं वारं, त्याने बारीक राहिलेले जाड सालीचे मणी. तुरट लागते, जरा फटकळच. इथल्या माणसांसारखी.

दुसरा पेला निराळा निघाला. मऊ, भरदार, कसलीच घाई नसलेला. मी ऐटीत म्हटलं, "ही नदीकाठची. चिकणमाती, सकाळचं धुकं. चांगली आहे, पण आपल्यातली नव्हे." तळघरवाल्याला हसता हसता ठसका लागला. "अहो, लेकीची आहे तुमच्या! काड्या तुम्हीच बांधून दिल्यात ना?" तू पाठवलेली बाटली मी न उघडताच त्याच्याकडे ठेवायला दिली होती, पठ्ठ्याने गुपचूप फोडली. सगळे टाळ्या पिटत होते. मी मोरीशी जाऊन अठरा पेले विसळले. भिंतीकडे तोंड होतं, ते बरं झालं.

काड्या आपल्या, हात मीच शिकवलेले, तरी मला ओळखू आली नाही. तू निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, ही माती सोडलीस तर तुझ्या हातून काही रुजायचं नाही. तुला तो राग वाटला. ती भीती होती गं.

म्हणून सांगतो, आपलं नाव छापू नकोस. रुसून म्हणत नाही. ते नाव बाटलीवर असतं, तर तू कामापुरती गेली आहेस, असं मला अजून काही वर्षं सगळ्यांना सांगता आलं असतं. मळ्याचा वरचा तुकडा तुझ्यासाठी रिकामा ठेवला होता, तो काल शेजारणीला कसायला दिला. तुझ्या त्या नदीकाठच्या टेकडीला तिथली माणसं काय म्हणतात, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. तेच छाप. आणि मलाही कळव.

उत्तराला उशीर केलेला, पण तुझाच,
बाबा