दुसरी सीडी

॥ श्री ॥
शेंदूरजनाघाट, ३ मे २००६

प्रिय हमिदा हिस,
स. न. वि. वि.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण घाबरच. बाग वाळली, संत्र्याची झाडं कापावी लागली, हे तुला कळवलंच होतं. तेव्हापासून आमच्या ह्यांनी बोलणं सोडलंय. जेवायला हाक मारली की येतात, दोन घास खातात, उठतात. फवारणीच्या औषधाचा डबा मी लपवलाय. कुठे, ते इथेही लिहीत नाही. पत्रं टपालात टाकायला तेच जातात.

आपल्या गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये हे प्रत्येक विनोद आधीच मोठ्यानं सांगून टाकायचे आणि आख्खा तंबू ह्यांना शिव्या द्यायचा, आठवतं? लग्नानंतर त्यापायी मी आठ दिवस अबोला धरला होता. आता तोच मेला अवगुण परत दे म्हणून देवापुढे बसते. नवरदेवाऐवजी सासराच घोडीवर चढतो तो जुना सिनेमा तुझ्या उस्मानभाऊंच्या सीडीच्या दुकानात असेल का? चौदा तारखेच्या रविवारी संध्याकाळी देवरावभाऊ, माणिकबाई आणि ह्यांच्या जुन्या टोळीला घरी बोलावते. चिवडा करीन. दुसरं काही सुचत नाही गं.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त कर.
तुझी वच्छला


जुने शहर, अकोला, ८ मे २००६

वच्छलास हमिदाचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली भाकर हातातच राहिली. उस्माननं दुकान पालथं घालून सिनेमा काढला. दोन सीड्या आहेत. वर एक आणि दोन असे आकडे त्यानंच टाकलेत, तुझा काही भरवसा नाही म्हणून. वरुडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय.

लाइट केव्हा जाते ते पाहून लोकांना बोलाव. शाळेत वेळापत्रक चुकून तू भूगोलाला गणिताची वही आणायचीस, ते मी विसरले नाही. आणि एक ऐक. ते हसले नाहीत तरी त्यांच्यापुढे रडू नको. रडायचं ते मला लिही, मी वाचायला बसलेय. अल्ला तुझ्या घरात आवाज देवो.

माया असू दे.
तुझीच हमिदा


॥ श्री ॥
शेंदूरजनाघाट, १५ मे २००६

प्रिय हमिदा हिस,
स. न. वि. वि.

भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच सगळ्यांना बोलावलं होतं, पण ते निघालं मागच्या आठवड्याचं! हस आता.

पहिल्या सीडीभर हे भिंतीला टेकून बसले होते. देवरावभाऊ मुद्दाम जोरात हसत होते आणि माणिकबाई दर हसण्यानंतर चोरून ह्यांच्याकडे बघत होती. चिवड्याच्या बश्या फिरवताना मला वाटलं, मी जित्या माणसाची तेरवी मांडलीय. पहिली सीडी संपली, दुसरी हातात घेतली, तोच लाइट गेली. माझा धीरच सुटला.

तेवढ्यात देवरावभाऊ अंधारात म्हणाले की चंद्रभान, आता त्या सासऱ्याचं काय होते ते सांगून टाक, आज तुले कोनीच शिव्या देत नाही. मी चाचपडत काडेपेटी शोधली. मग ह्यांचा आवाज आला गं! घोडीचा, सासऱ्याचा, भटजीचा, सगळ्यांचे आवाज काढून तासभर सांगितलं. माणिकबाईला हसून हसून ठसका लागला. मी हातात काडेपेटी धरून बसले होते, पण कंदील लावला नाही.

हमिदा, ते परत आले. आज पोटभर झोपणार आहे.
लोभ असाच असू दे.
तुझी वच्छला


शेंदूरजनाघाट, १६ मे २००६

हमिदाताईंस चंद्रभानचा नमस्कार.

वच्छलाचं पत्र टाकायला निघालो, त्याच पाकिटात हेही घालतोय. तिला ठाऊक नाही.

रविवारी अंधारात माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं, म्हणून बोलता आलं. सकाळी उजेड झाला आणि पुन्हा तेच.

औषधाचा डबा तिनं ज्वारीच्या कोठीत, दाण्यांखाली पुरलाय. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोनदा कोठीपर्यंत जाऊन आलो. मला माहीत आहे हे तिला कळलं, तर ती पुन्हा झोपणार नाही.

दुसरी सीडी अजून कोणी पाहिली नाही. ती पाहायची म्हणून उस्मानभाऊंना पाठवा. जाताना त्यांनी डबा गुपचूप घेऊन जावा. टपालाला दोन दिवस लागतील, तेवढे मी देवरावच्या घरी बसून काढतो. त्याला तेच सासऱ्याचं पुन्हा ऐकायचंय.

लवकर पाठवा.
आपला,
चंद्रभान