न धुतलेले कपडे

३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय धाकटे,

तू बरी असशील, ढब्बू बालवाडीत कुणाला तरी चावला असेल आणि तुझे अहो कपाळावरचा चष्मा घरभर शोधत असतील, असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकून घ्यायला मला वेळ नाही.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा फोटोही. पांढरंशुभ्र, कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू. धाकटे, तुला कुत्रा हवाय की उशी? अकरा वर्षं या शेल्टरवर मी हेच काम करते, कुठला कुत्रा कुठल्या घरी द्यायचा ते ठरवते, तेव्हा आता निमूट ऐक. पिल्लू मुळीच नाही. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, आणि ढब्बूचे तर तुला माहीतच आहेत. जातिवंत की गावठी हा प्रश्नही सोडून दे. मुलांच्या घराला तीन-चार वर्षांचा, शेपूट ओढली तर मुकाट उठून दुसरीकडे जाऊन बसणारा, खाण्यात कुणी हात घातला तरी न गुरगुरणारा कुत्रा लागतो. असे असतात. एवढे समंजस नवरेसुद्धा मिळत नाहीत.

आमच्याकडे एक बाहुली आहे, लहान मुलाएवढी. सगळे तिला राणीसरकार म्हणतात. नवे कोरे कपडे घालून तिला कुत्र्यासमोर बसवलं, की तो एकदा हुंगतो, इथे कुणी नाही हे त्याला कळतं आणि तो चालू लागतो. मग मी तिला त्या घरातल्या मुलाचे न धुतलेले कपडे घालते. आता कुत्रा हुंगतो, बाहुलीच्या मागे डोकावतो, दाराशी जातो. वास आहे म्हणजे मूल असणार, मग ते गेलं कुठे? तो शोधायला लागतो. कुणी दांडगाईने शोधतो, कुणी घाबरत. आणि एखादा असा शोधतो, जसं काही त्याचंच मूल हरवलंय. तो कुत्रा मी मुलांच्या घरी देते. आजवर एकदाही चुकले नाही.

तेव्हा दोन्ही मुलांचे तीन दिवस अंगावर असलेले कपडे कुरिअरने पाठव. न धुता. तुझा स्वच्छतेचा सोस जरा बाजूला ठेव.

भिंगरीबद्दल लिहिलंस ते वाचलं. घरात कुत्रा आला की ती बोलायला लागेल असं डॉक्टर म्हणतात, तर म्हणू देत, त्यात वाईट काही नाही. ती किती शहाणी झाली, हट्ट करत नाही, दिवसभर खिडकीशी बसते, तिचे कपडेसुद्धा मळत नाहीत, असं तू कौतुकाने लिहिलं आहेस. सहा वर्षांच्या मुलीचे कपडे मळायला हवेत गं. सरळ चालणं माहीत नव्हतं तिला, स्वतःभोवती गिरक्या घेत घेत यायची, म्हणून तर आपण भिंगरी म्हणायला लागलो. असो. धक्का बसलाय, वेळ लागेल. पाण्याखाली दोन मिनिटं म्हणजे एवढ्याशा जिवाला खूप झाली.

आणि एक. माझे आभार मानणं आता बंद कर. सुट्टीत माझ्याकडे आलेली पोर माझ्या शेल्टरमागच्या तळ्यात पडली, मी तिला बाहेर काढलं, यात आभार कसले? दर पत्रात तेच लिहितेस. तुझे अहो तर फोनवर रडले. मला ते नको वाटतं.

मुलांना गोड पापा.

तुझी ताई


२१ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय धाकटे,

खोका पोचला. तुम्ही सगळे मजेत ना? इथे हवा बदलली, निम्मे कुत्रे शिंकतायत आणि डॉक्टरीणबाई त्यांच्यामागे ड्रॉपर घेऊन पळतायत.

ढब्बूचा बनियन राणीसरकारला घातला आणि शेल्टरवर जत्रा भरली. कसला वास गं त्या पोराला, दूध, बिस्किटं, माती आणि देव जाणे काय काय. चार कुत्रे निवडले होते, चारही खूश. त्यातली एक तांबडी म्हणून आहे. तिची पिल्लं गेल्या वर्षी गाडीखाली गेली, तेव्हापासून ती इथे आहे. तिने ढब्बूला टेबलाखाली शोधलं, पडद्यामागे शोधलं, शेवटी पिंजरे धुणाऱ्या काकांच्या बादलीत तोंड घालून बघितलं. काका म्हणाले, "हिला आजच्या आज पाठवा, नाहीतर ही चालत जाईल." मलाही तेच वाटलं.

मग भिंगरीचा फ्रॉक घातला.

तांबडी आली, एकदा हुंगलं आणि निघून गेली. बाकीच्या तिघांनीही तेच केलं. नवे कोरे कपडे असावेत तसं. कुणी दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

धाकटे, धुतलास ना तो फ्रॉक? तुला बजावलं होतं. लहानपणी माझी वहीसुद्धा ओल्या फडक्याने पुसणारी तू, तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार. आता तिचा रात्रीचा फ्रॉक आणि उशीचा अभ्रा पाठव, सात रात्री वापरलेला. आणि साबणाच्या आसपास फिरकू नकोस.

सहज विचारते, तिला घाम येतो का? खेळून आल्यावर म्हणत नाही, खेळत नाही ते कळलं. झोपेत येतो का? आणि नखं शेवटची कधी कापलीस? मुद्दाम वेगळं पत्र लिहू नकोस, खोक्यात चिठ्ठी टाकलीस तरी चालेल.

आमच्याकडे भोपळा नावाचा एक म्हातारा आहे. रंगाने आणि आकाराने भोपळाच. लहानपणी आजारात त्याचं नाक कायमचं गेलं, वास म्हणून येत नाही. त्यामुळे त्याची परीक्षाच घेता येत नाही. काल मी विचारात असताना तो आपणहून आला आणि राणीसरकारच्या पायांवर डोकं टेकून झोपला. अंगात भिंगरीचा फ्रॉक तसाच होता. मी त्याला उठवलं नाही.

मुलांना गोड पापा.

तुझी ताई


१० नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकटे,

कशी आहेस, असं विचारत नाही. तुझी चिठ्ठी समोर आहे.

"ताई, आधीचा फ्रॉकही धुतलेला नव्हता. मला काही विचारू नकोस. तिच्याजवळ बसेल असा कुत्रा दे, एवढंच. ढब्बूसुद्धा आता तिच्याजवळ बसत नाही."

तीन दिवस ही चिठ्ठी मी खिशात घेऊन फिरते आहे. फोन करावासा वाटला, पण फोनवर तू गप्प झालीस की मी पुन्हा थाप मारीन. म्हणून लिहिते.

अभ्रा आणि रात्रीचा फ्रॉक चारही कुत्र्यांना दाखवला. तेच झालं. काका पिंजरे धुत होते. त्यांनी हात पुसले, अभ्रा नाकाशी धरला आणि म्हणाले, "ताई, हा कुणी वापरलेलाच नाही."

मी म्हटलं, "सात रात्री वापरलाय, काका. माझ्या भाचीने."

काका म्हणाले, "कुणी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बादली उचलून गेले.

तेव्हा मी घरी जाऊन कपाटातला डबा काढला. त्या दिवशी तळ्याच्या काठावर भिंगरीचे बूट-मोजे राहिले होते. बूट मी तुला पाठवले, एक मोजाही पाठवला. दुसरा सापडला नाही असं लिहिलं होतं. सापडला होता. का ठेवून घेतला, मला सांगता येणार नाही. धुतला नव्हता.

तो मोजा राणीसरकारच्या पायात घातला आणि तांबडीला आत घेतलं. तिने हुंगला आणि तिची शेपूट हलायला लागली. बाहुलीमागे बघितलं, टेबलाखाली बघितलं. मग अलगद मोजा ओढून काढला, तोंडात धरला आणि मागच्या फाटकाशी जाऊन कण्हायला लागली. मी फाटक उघडलं. ती धावत सरळ तळ्याकडे गेली. काठावर, जिथे तो वाकलेला पाइप आहे तिथे, तिने मोजा खाली ठेवला, पाण्यात बघितलं आणि बसली. संध्याकाळपर्यंत हाका मारल्या, हलली नाही. शेवटी उचलून आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांना एकेक करून मोजा दिला. तिघेही तिथेच गेले. त्याच पाइपाशी. सहा महिन्यांनी पाण्याला वास उरतो का, असं तू विचारशील. उरत नाही. हे माझं काम आहे, मला माहीत आहे.

आता दोन मिनिटांचं सांगते.

त्या दिवशी एक गृहस्थ कुत्रा परत करायला आले होते. वर्षात तिसऱ्यांदा. मला राग आला. भिंगरीला म्हटलं, काठावर बस, बूट काढू नकोस, मी आलेच. ऑफिसात जाताना भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते. मी भांडले. मी बरोबर होते आणि मला जिंकायचं होतं, म्हणून भांडत राहिले. परत आले तेव्हा काठावर बूट होते, त्यांत मोजे नीट खोचलेले होते, आणि पाणी अगदी शांत होतं. पाइपाजवळ तिची रिबीन दिसली. तिला बाहेर काढून मी ऑफिसकडे बघितलं, उघड्या दारातून घड्याळ दिसतं. बाराला दहा कमी होते.

ती गार होती, धाकटे. ओठ शाईसारखे झाले होते. छाती दाबायची असते, तोंडात फुंकर मारायची असते, कुत्र्यांसाठी हे सगळं मी शिकले आहे. मी काहीच केलं नाही, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं हे मला दिसत होतं. मी फक्त तिला मांडीवर घेऊन बसले आणि समोरच्या पाण्याला म्हणाले, मोठ्याने म्हणाले, "काहीही दे, कुणीही दे, पण मला रिकाम्या हातांनी धाकटीसमोर उभं करू नकोस."

तिने डोळे उघडले. खोकली नाही. नाकातोंडातून पाण्याचा थेंबही आला नाही. माझ्याकडे नीट बघितलं, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चला मावशी."

जन्मात ती मला मावशी म्हणाली नव्हती. माऊ म्हणायची, आणि कधी अहो-जाहो केलं नाही. ती पुढे चालायला लागली. सरळ. एकही गिरकी न घेता. मी तिच्यामागून चालले आणि फाटकापर्यंत पोचेतो माझं ठरलं होतं. डॉक्टरांना दोन मिनिटं सांगितली. तुला दोन मिनिटं सांगितली. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि मी तुला रडू दिलं. त्यानंतर दर पत्रात तू आभार मानत राहिलीस आणि मी ते वाचत राहिले.

आता वाटतं, तुला पहिल्या दिवशीच कळलं असेल. रोज तिचे केस विंचरतेस, तिच्याशेजारी झोपतेस. आई आहेस, तुला कुत्र्यांची गरज काय होती? आणि कळूनही तू तिला रोज उठवलंस, खाऊ घातलंस, तिच्याजवळ बसेल असं कुणीतरी शोधत राहिलीस. मी सहा महिन्यांत एकदाही तिला बघायला आले नाही. कामं होती असं मी लिहिलं होतं. कामं नव्हती. मला तिची भीती वाटते. तुला वाटते का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

ती काय आहे हे मला माहीत नाही. वाईट आहे असं मात्र वाटत नाही. तिला मी बोलावलं म्हणून ती आली, आणि आल्यापासून खिडकीशी शहाण्यासारखी बसून आहे. तिलाही कुणीतरी हवंच असणार.

म्हणून भोपळ्याला पाठवते आहे. बुधवारी आमची गाडी त्याला सोडेल. तो नऊ वर्षांचा आहे, जिने चढवू नका, खायला मऊ द्या. ढब्बू पाठीवर बसला तरी तो काही करणार नाही, फक्त तुझ्याकडे तक्रारीच्या डोळ्यांनी बघेल. वास त्याला येत नाही. डोळ्यांना मूल दिसलं की त्याच्यासाठी ते मूल असतं, मग तो जाऊन पायांवर डोकं टेकतो. तू मागितलास तसाच आहे.

तांबडीला मी कुणालाच देणार नाही. तिचं नाव यादीतून काढलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या, इतका चांगला कुत्रा, मुलांच्या घरात सोनं होईल, इथे तळ्यावर बसवून वाया का घालवता? मी त्यांना काय सांगणार? रोज सकाळी फाटक उघडते, ती जाऊन पाइपाशी बसते. काल मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती पाण्याकडे बघत शेपूट हलवत होती, हळूहळू, लहान मूल जवळ आलं की हलवते तशी.

तू ये. एकटी ये. तुला मला जे काही बोलायचं असेल ते इथे येऊन बोल, तळ्याकाठी. मोजा मी तुझ्यासाठी ठेवला आहे.

ढब्बूला गोड पापा. तुझ्याजवळच्या भिंगरीला तू दे. इथल्या भिंगरीजवळ मी बसते.

चाळीस मिनिटं उशिरा आलेली,
तुझी ताई