तेलाच्या बाटलीखालचा कागद

माय, मला अजून तुझा राग येतो. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं वाईट काढू नये म्हणतात, म्हणून इतकी वर्षं कुणापुढे काढलं नाही. भावापुढे नाही, वहिनीपुढे नाही, लेकीपुढे तर नाहीच. पण या आठवड्यात तो राग असा वर आला की भाकरी थापताना माझे हात थांबले. कारण तुझी नात. जिला तू पहिल्यांदा हातात घेतलंस, अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून जिला गुंडाळलंस, ती आता पोटुशी आहे आणि तिला आठवा लागला आहे. जावई दीड वर्षापासून जर्मनीला कारखान्यात कामाला आहे, मध्ये एकदाच सुट्टीवर येऊन गेला. हिचा व्हिसा रखडत रखडत आला तेव्हा सातवा सरत आला होता. ती म्हणाली, आई, मी जाणार, बाळंतपण त्याच्याजवळ करणार. मी म्हणाले, जा.

वहिनीला हे पटलं नाही. ती ओट्यावर बसून हळीव निवडत होती, लेक बाळंतविड्याची झबली-कुंच्या बॅगेत भरत होती, आणि वहिनीचं तोंड हातापेक्षा जोरात चालू होतं. "अक्का, आठव्यात कुनी येस वलांडतं का? आन् पैलं बाळंतपण हाय, म्हायेरी होऊ द्या की. लोक म्हनतील, आईला लेक जड झाली." मग लेकीकडे वळून, "आन् गं, इमानातच कळा आल्या तर? ढगात बाळंत व्हशील का? पोराचं नाव काय ठिवायचं मग, ढग्या?" लेक पोट धरून हसली. म्हणाली, "मामी, ठेवू की. जर्मनीत कुणाला कळतंय?" मीही हसले. पण मग मी बोलले ते जरा जोरात निघालं. म्हणाले, "लेकरू जन्मलं की बापानं बघावं. ज्याचं आहे त्याच्या हातात पडू दे." वहिनीनं खाली बघितलं आणि हळिवातले खडे वेचायला लागली. तिला ठाऊक आहे. अर्धं ठाऊक आहे. सगळं तुला आणि मलाच ठाऊक आहे, आणि तू तर गेलीस.

तो दिवस मी तुला परत सांगते. तू कधी कुणाशी बोलली नाहीस, म्हणून सांगते. मी तुझ्या घरी, तलवाड्याला, पहिल्या बाळंतपणाला आलेली. सातव्यात ओटी भरून तूच मला केजच्या बाजूच्या आमच्या गावाहून एसटीनं आणलं होतंस. हे विहिरीतल्या मोटारी काढायचं, बसवायचं काम करायचे. पंधरा दिवसांनी एकदा येऊन गेले. ओसरीवर बसून चहा पिले, आणि पिशवीतून अंकलिपी काढली. तू विचारलंस, "जावईबापू, लेकरू पोटात हाय आन् पुस्तक आत्ताच?" ते म्हणाले, "ते यायच्या आधी त्याच्या आईनं शिकून ठिवावं, मावशी. न्हाईतर दोघांना एकदम शिकवायचं म्हंजी लई काम." मी लाजले. मला दुसरीतून तू काढलं होतंस, धाकट्याला सांभाळायला. अक्षरं लागायची, ओळ लागायची नाही. ती अंकलिपी अजून आहे माझ्याकडे. त्यांनी हातात दिलेली ती शेवटची वस्तू.

आठवा लागून आठ दिवस झाले असतील. दुपार आहे. मी सुपात तुरीची डाळ घेऊन बसले आहे. बीडहून येणारा जीपवाला दारात गाडी थांबवतो आणि तुझ्या हातात घडी केलेला कागद देतो. तू म्हणतेस, "मीठ संपलंय, आलेच." तू दुकानाकडे जातेस. तिथे दुकानदार तुला तो कागद वाचून दाखवतो, हे मला फार नंतर कळलं. तू परत आलीस तेव्हा तुझ्या हातात मीठ नव्हतं. हे मी बघितलं होतं, माय. बघितलं आणि काही विचारलं नाही, कारण माझी पाठ दुखत होती. कागद तू चुलीवरच्या फळीवर ठेवलास. वारा होता, तो उडून खाली आला. मी तो उचलला, उलटा-सुलटा बघितला, आणि विचारलं, "कसला गं कागद?" तू माझ्या हातातून घेतला नाहीस. जागची हललीही नाहीस. नुसतं म्हणालीस, "तुला काय करायचंय? वाचता येतं व्हय तुला?"

आणि मी तो परत फळीवर ठेवला. परत उडू नये म्हणून त्याच्यावर तेलाची बाटली ठेवली. मीच.

त्यानंतर रोज सकाळी तू माझी वेणी घालायचीस आणि स्वतःच्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावायचीस. आधी कधी लावलं नव्हतंस. मला वाटायचं, पहिलटकरणीचे लाड आहेत. गल्लीतल्या बाया यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि बोलता बोलता गप्प व्हायच्या. मी विचारायचे, "हे कावून येईनात गं माय?" तू म्हणायचीस, "काम लई हाय त्यांना." बावीस दिवसांनी लेक जन्मली. पाचवी पुजलीस. बाराव्याला पाळण्यात घातलीस, गाणी म्हटलीस. सगळ्या गावाला माहीत असताना तू पाळण्यापाशी उभी राहून गाणी म्हटलीस, आणि तेराव्या दिवशी सकाळी कुंकवाची डबी न आणता माझ्यासमोर येऊन बसलीस. म्हणालीस, मोटार वर घेताना साखळी तुटली, विहिरीत पडले, दोन दिवस बीडला दवाखान्यात होते, शुद्धीत नव्हते, तसेच गेले. "तू जाऊन काय केलं असतंस? आठव्यात तुला एवढ्या लांब नेऊन लेकरूबी घालवायचं व्हतं का?"

मी तेव्हा तुझ्यावर विश्वास ठेवला. शुद्धीत नव्हते, या दोन शब्दांवर मी पुढची आठ वर्षं काढली. सासू त्यानंतर एकदाच भेटली, नात्यातल्या एका लग्नात. म्हणाली, "बोलावलं तरी आली न्हाईस." मला वाटलं, ती मातीला आले नाही म्हणून टोमणा मारते आहे. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या घराशी माझा संबंध तिथेच तुटला. मी तुझ्याजवळच राहिले, अंगणवाडीत मदतनीस झाले, आणि अंकलिपी काढून बसले. पोरांबरोबर अ आ इ गिरवलं. मग पोह्याच्या पुड्याचे कागद, मग भिंतीवरचे लसीकरणाचे तक्ते, मग लेकीची पुस्तकं, मग गावातल्या वाचनालयातली कपाटं एकेक करून. लोकांना वाटायचं, बाईला हौस आहे. हौस नव्हती. "वाचता येतं व्हय तुला" हे वाक्य माझ्या कानात होतं. मी तुला दाखवायला वाचत होते. तूही बघायचीस, लांबून.

तू गेल्यावर तुझी पेटी मी उघडली. लेक तेव्हा तिसरीत होती. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीत तो कागद होता. मी ओळखला, कारण त्याच्यावर तेलाच्या बाटलीच्या बुडाचा गोल डाग होता. अक्षर दिराचं. तुझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून मी तो वाचला, सगळा, न अडखळता. "मावशींना नमस्कार. दादा विहिरीत पडला आहे, बीडला दवाखान्यात आहे. शुद्धीत आहे, बोलतो आहे. वहिनीला सारखं बोलावतो. गाडी करून घेऊन या, उशीर करू नका."

दोन दिवस, माय. दोन दिवस ते दाराकडे बघत असतील, आणि मी तलवाड्यात तुरीची डाळ निवडत होते. त्यांना वाटलं असेल, ही आली नाही. हेच घेऊन ते गेले. मला ठाऊक आहे, माझ्या आधी तुझा एक मुलगा आठव्या महिन्यात पोटातच गेला होता, नारायणगडाच्या जत्रेहून बैलगाडीतून येताना. तू ते एकदाच सांगितलं होतंस. ते तुझं दुःख होतं, मी ते नाकारत नाही. पण त्यासाठी माझे दोन दिवस तू कुणाला विचारून घेतलेस? तू लेकरू वाचवलंस म्हणून मी तुझ्या पाया पडायचं का? जीपनं मी दोन तासात पोचले असते. लेक तरीही जन्मली असती. नसतीही जन्मली कदाचित. पण ते ठरवायचं माझं होतं. आणि तू जिवंत असताना हे कळलं असतं तर मी तुझ्याशी भांडले तरी असते. तेही तू मला करू दिलं नाहीस.

म्हणून मी लेकीला जा म्हणाले. आता या आठवड्याचं ऐक.

मंगळवारी आम्ही बीडला गेलो. इतके महिने झालेल्या बाईला विमानात घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तीही थोड्याच दिवसांपूर्वीची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, शिक्का मारून कागद दिला. लेक म्हणाली, "आई, तुझ्याकडं ठेव. माझं काय, इथं ठेवलं तर तिथं सापडत नाही." घरी आल्यावर मी तो वाचला. इंग्रजी मला एकेक अक्षर जुळवून लागतं, पण लागतं. प्रवासाला हरकत नाही, असं त्यात होतं. मी स्वयंपाकघरात गेले. हातात कागद होता. मी तो फळीवर ठेवला आणि त्याच्यावर तेलाचा डबा ठेवला. तेव्हा मी काही ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही. नव्हतं ठरवलं असंही म्हणता येणार नाही.

बुधवारी दुपारी लेकीनं कागद मागितला. गुरुवारी पहाटे मुंबईला गाडी निघणार होती. मी म्हणाले, "माझ्याकडं कुठं दिलास?" माय, हे इतकं सहज माझ्या तोंडातून आलं की मीच चकित झाले. तिनं पर्स उलटी केली, कपाट उपसलं, गादी उचलली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर त्या लग्नाला बाहेरगावी, शनिवारी येणार. तिकीट पुढे ढकललं तर विमानवाल्यांच्या नियमात बसणारे दिवस संपत होते. वहिनी दारातून म्हणाली, "देवच जाऊ नको म्हनतोय, पोरी." जावई फोनवर दिसत होता, मागे अर्धा जोडलेला पाळणा. म्हणाला, "मम्मी, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मला म्हणाला तो, टेन्शन घेऊ नका. लेक सुजलेले पाय पसरून जमिनीवर बसली आणि बांधलेली बॅग परत सोडायला लागली. डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशोपा, कुंच्या, एकेक काढून बाजूला ठेवत होती. मग मान वर करून म्हणाली, "आई, तू तर वाचला होतास ना तो? आठव ना."

मी म्हणाले, "मला काय कळतंय त्या इंग्रजी कागदातलं?"

सव्वीस-सत्तावीस वर्षं जिनं वाचायला शिकण्यात घातली, ती बाई हे म्हणाली. मी आत गेले. चहा टाकायचं निमित्त होतं. मी तेलाचा डबा उचलला. कागदाच्या मधोमध गोल डाग पडला होता, शिक्क्याच्या जरा खाली. मी तिथेच फरशीवर बसले. मग ज्वारीचं मूठभर पीठ घेऊन त्या डागावर पसरलं, दाबलं, झटकलं. पीठ तेल ओढून घेतं, सगळं नाही. बाहेर येऊन म्हणाले, "सापडला गं. डब्यामागं पडला होता." तिनं मला मिठी मारली, पोट मध्ये येत होतं तेवढ्यातून. रडत हसत म्हणाली, "तू होतीस म्हणून सापडला."

ती पोचली. विमानतळावरच्या बाईनं डागावर बोट फिरवून विचारलं म्हणे, हे काय? ही म्हणाली, आमचं स्वयंपाकघर. तिकडे उतरल्या उतरल्या जावयानं तिच्या पोटावर हात ठेवला, त्याचा फोटो आला आहे. मी तो दिवसातून किती वेळा बघते ते सांगत नाही.

माझा राग गेलेला नाही. तुझे दोन दिवस होते, माझा पुरता एकही नव्हता, आणि मी कागद परत दिला. हा फरक मी सोडणार नाही. पण लेकीला मी खरं सांगितलेलं नाही. रोज फोन येतो, रोज तोंडाशी येतं, आणि मी विचारते, जेवलीस का. तू दिराचा कागद चुलीत का टाकला नाहीस, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. चूल तर रोज पेटत होती. हे लिहिलेलंही मी जाळणार नाही. तुला पाठवायचं तरी कुठे, आणि तुला वाचून कोण दाखवणार? पेटीत, दिराच्या कागदाखाली ठेवते. माझ्यानंतर ती पेटी माझी लेक उघडेल. तिला वाचता येतं.