नव्या पाण्यातली काठी

बाबा, तुझी पाऊणकी इथे चालत नाही. तू जाऊन नऊ वर्षं झाली, मला मुलुंड सोडून सहा, आणि हे तुला सांगायला आज बसलोय. कलकत्त्याला हुगळी नदीवर एका लाँचवर मी सुकाणू धरतो. म्हणायला नदी, पण समुद्र तिच्यात रोज दोनदा घुसतो, आपल्या खाडीत यायचा तसाच. चिखल तोच, वासही बराचसा तोच, फक्त पलीकडे पारसिकचा डोंगर नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर मला नदीला एक बाजू कमी आहे असंच वाटायचं. उद्या लाँच पहिल्यांदा माझ्या ताब्यात देतायत, आणि तीही रूपनारायण नदीत न्यायला, जिथे मी कधी गेलेलो नाही. भीती म्हणशील तर नाही. आज दुपारची सुट्टी आहे, लाँच धक्क्याला बांधलेली आहे, म्हणून कागद घेतला.

शाळेत मी चौथीपुढे टिकलो नाही, आणि त्यात तुझाही हात होता. मास्तरांना तूच सांगून आला होतास की याला पाऊणकी येईपर्यंत सोडू नका, पुढचं मी बघतो. मग रोज जेवताना परीक्षा. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, माझ्या ताटात वाफ निघतेय, आणि तू विचारतोयस, "झिला, आज चतुर्थी. भरती किती वाजता?" मी म्हणायचो, चार पाऊण तीन, बंदरात तीनला. "आणि मुलुंडाक?" वर अर्धा तास, साडेतीनला. मग तुझा हात भाकरीकडे जायचा. आई म्हणायची, पोराला गिळू तरी द्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, एवढ्या एका हिशेबावर तू आयुष्यभर मिठाचा मचवा चालवलास. भरतीला मिठागराच्या बांधाला लावून भरायचा, पाणी उलटलं की सोडायचा, आणि ओहोटी त्याला घाटकोपर, तुर्भे करत मुंबईच्या बंदराला नेऊन घालायची. वाटेतल्या थांबायच्या जागा तुला तोंडपाठ होत्या. गोडं पाणी कुठल्या विहिरीला, ओहोटीत मचवा न कलंडता बसेल असा घट्ट तळ कुठे, फळी निघाली तर सुतार कुठल्या झोपडीत. मला वाटायचं, माझ्या बापाला पाण्यातलं विचारावं लागेल असं काही उरलेलंच नाही.

म्हणून मला गोराईची खाडी सोसली नाही. मिठागराच्या शेठनं बोरिवलीच्या अंगाला एक जुना मचवा घेतला होता आणि तो मुलुंडला आणायला तू मला बरोबर नेलंस. मी सतराचा होतो, अंगात रग होती. त्या दिवशी पंचमी. मी म्हटलं, पाच पाऊण पावणेचार, चला, आजच काढू. तू मचव्याकडे बघितलंसही नाहीस. तिवराची एक काठी तोडलीस, सुरीनं तिच्यावर वीत-वीत अंतरानं खाचा पाडल्यास, काठावरच्या चिखलात रोवलीस आणि बसलास. काच गेलेलं घड्याळ मांडीवर, तोंडात विडी. मी विचारलं, "बाबा, तुला येत नाय काय?" तू म्हणालास, "ह्या पाणी आपला नाय, झिला. पाऊणकी आपल्या खाडीची. हय आधी बघूक होया." पाणी चढायचं थांबलं तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. मग तू उठून काठावरच्या कोळणींना एकेक विचारत गेलास. गोडं पाणी कुठे मिळेल, रात्री होडी कुठे बांधतात, मुखाशी वाळूचा दांडा कुठल्या हाताला, डांबर कोण देईल. एक धिप्पाड बाई सुकटीची टोपली उतरवून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तांडेल म्हणवतोस आणि पाणी बायकांना विचारतोस?" तू म्हणालास, "बायकांका विचारलेला पाणी गोड लागता." सगळ्या हसल्या. तिनंच मग विहीर दाखवली, वर हंडाही दिला. मी मात्र लाजेनं तांबडा झालो होतो. पाण्यातला माझा बाप, आणि वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा दारोदार विचारतोय.

दुसऱ्या दिवशी षष्ठीला तू मचवा अलगद बाहेर काढलास, तळ कुठे घासला नाही. वांद्र्यावरून खाली, मुंबईला वळसा घालून मुलुंडला यायला दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस तू मला झिला म्हणाला नाहीस. "ओ खलाशी, दोर सोडा." "ओ खलाशी, जेवलात का?" मला अहोजाहो करणारा माणूस जगात तू पहिलाच. मी हसण्यावारी नेलं.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी नदीच्या मुखाकडे, एका आडखाडीत तागाची बार्ज आणायला गेलो होतो. आमच्या म्हाताऱ्या सारंगाला, म्हणजे इथल्या तांडेलाला, ताप, सुकाणू माझ्याकडे. त्यानं पडल्या पडल्या विचारलं, पाणी कधीपर्यंत आहे? मी बोटांवर मोजून सांगितलं, अष्टमी आहे, आठ पाऊण सहा, सहापर्यंत चढतंच राहील. तिथे पाणी साडेचारलाच उलटलं. आम्ही बार्ज दोराला लावतो न लावतो तोच लाँच चिखलात बसली, आणि ताग भरलेली बार्ज दारू प्यायल्यासारखी तिच्यावर कलली. पुढची भरती येईपर्यंत आम्ही तिथेच, प्यायचं पाणी संपलेलं, आणि काठावरची माणसं पानं चघळत बघतायत. त्यांना एका शब्दानं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सारंग चिडला नाही. हिंदीत एवढंच म्हणाला, "सहा वाजता, हे तुला सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "माझ्या बापानं."

तेव्हापासून मी काठी रोवतो. चार वर्षं झाली. मुखाकडे इतकं आधी, कलकत्त्याला इतकं नंतर, पावसाळ्यात वरून पूर आला की सगळंच वेगळं, हे आता मला तोंडपाठ आहे. पाणी भरायचे नळ, बांधायचे खुंट, उतरून भात शिजवता येईल अशी जागा, सगळं विचारून घेतलेलं. बाया इथेही हसतात, आणि हसून झालं की सांगतात. आता दुसऱ्या लाँचवाले मलाच विचारायला येतात, हे तुला आवडलं असतं. सारंग कायमचा गावी चाललाय, म्हणून काल कचेरीतल्या बाबूनं मला बोलावलं. रूपनारायण जमेल? मी म्हटलं, जमेल, पण आधी एक दिवस काठावर बसायला द्या. तो म्हणाला, "काठावर बसून लाँच चालते का? न बसता जाणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे." माझा हातातोंडाशी आलेला घास चाललाच होता. पण मी दिवस मागे घेतला नाही. दारात उभा असलेला सारंग म्हणाला, "त्यांना पाठवा, आणि ओढून काढायला मागून यालाच पाठवा." बाबू टाक चावत म्हणाला, बरं, एक दिवस. म्हणजे उद्या मी लाँच घेऊन जाईन, रूपनारायणच्या मुखाशी बांधीन, आणि दिवसभर बसेन. काठी तोडून ठेवलीय. खाचा तुझ्यासारख्याच, वीत-वीत.

हे पत्र आईला पाठवलं तर शेजारच्या वहिनी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवतील, म्हणून तिलाही पाठवत नाही. पत्र्याच्या पेटीत राहू दे. चिखलात बसलो तेव्हा मी तुला बाप म्हणून पुढे केलं. गोराईला नाही केलं. तू विहिरीवर पाठमोरा हंडा भरत होतास आणि त्या बाईनं मला विचारलं, "हा बापूस काय रं तुझा?" मी म्हटलं, "नाय. मी नुसता खलाशी." तू ऐकलं नसशील, उगाच मस्करी करत असशील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. पण तू पहिल्यांदा "ओ खलाशी" म्हणालास ना, मला तेव्हाच कळलं होतं.