पश्चिमेला ठेवलेलं प्रस्थान

गुरुजी, उद्या पहाटे आम्ही हर्णैला निघतो आहोत. उद्या शुक्रवार, आणि दिशा पश्चिम. तुमच्या कपाळावरची आठी मला इथे सांगलीत बसून दिसते. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेकडे दिशाशूल, त्या वारी तिकडे पाऊल टाकू नये, हे तुम्ही मला संस्कृतातला 'राम' चालवायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं. पण हल्ली आमच्याकडे दिशा बायको ठरवते आणि वार मुलीच्या कॉलेजची सुट्टी ठरवते. दोघींनी मोबाइलवर समुद्राला लागून एक घर बघून ठेवलं आहे, मालकीणबाई स्वतः रांधून वाढतात म्हणे. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूणला नाश्ता, दापोलीवरून खाली उतरायचं, आणि दुपारी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायचा. शरदातलं ऊन कोकणात फार बाधतं, अशी एक शंका मी काढून पाहिली. "मग छत्री घ्या," बायको म्हणाली. तुमच्याशी वाद घालून मी बरंच शिकलो, पण ते घरी उपयोगी पडत नाही.

खारी हवा मला सोसत नाही, असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून वीस वर्षं ती हवा मला सांगलीत बसल्या बसल्या सोसलेली नाही. हंपी झालं, महाबळेश्वर चारदा झालं, समुद्र राहिला. बायको समजून चालली आहे की मी पाण्याला भितो. कृष्णेचं पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं त्या वर्षी मी गॅसची टाकी आणि मुलीची पुस्तकं खाली ठेवून आधी एक जुनी पुरचुंडी वरच्या मजल्यावर नेली, तेव्हाही तिला वाटलं की भीतीनं माणसाला सुचेनासं होतं. ती पुरचुंडी तुमची होती.

आठवतो तो गुरुवार? तुम्ही विसरणार नाही, पण मला सांगावं लागणार आहे. साताऱ्यात माझी खोली बोगद्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या घरापासून पश्चिमेला, आणि एवढाच तिचा गुण. नोकरी नवी. संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचो, तुम्ही पिठलं ढवळता ढवळता रूपं म्हणून घ्यायचात. चुकलो की पळी थांबायची. पिठलं खाली लागलं तर तो दोष माझा, आणि ते मीच खायचं. जन्मभर तुम्ही समुद्रमंथन शिकवलंत, सेतू शिकवलात, आणि कासच्या तळ्याहून मोठं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. "पाण्याचा मोठेपणा मला ऐकीव आहे," म्हणायचात. निवृत्त झाल्यावर एकदा ओहोटी बघायची ठरवलीत. पाणी मागे जातं म्हणजे नेमकं कसं जातं, लाजत जातं की रागावून, एवढंच बघायचं होतं. मी म्हणालो, मी नेतो. दसरा झाला की शुक्रवार ते रविवार, हर्णै. महिनाभर तुम्ही आखणी केलीत. एस.टी.च्या वेळा पाठ केल्यात, कानटोपी धुऊन घेतलीत, आणि मासळीच्या गावात निव्वळ वरणभात मागितला तर त्यांना अपमान वाटेल का, असंही विचारलंत.

मला सुट्टी शुक्रवारीच मिळणार आणि शुक्रवारी दिशाशूल. त्यावर तुम्ही शास्त्रातूनच वाट काढलीत. गुरुवारी चांगल्या वेळेला माझ्या खोलीवर आलात आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी कोनाड्यात ठेवलीत. "प्रस्थान ठेवलं. म्हणजे मी आज निघालो. उद्या जो एस.टी.त बसेल तो फक्त माझा देह." मुहूर्ताला स्वतः निघता येत नसेल तर जायच्या दिशेच्या घरी आपली एखादी वस्तू नेऊन ठेवायची, हे मला माहीत होतं. मुदत तुम्ही सांगितलीत. राजाला दहा दिवस, मांडलिकाला सात, सामान्य माणसाला पाच. मग हसलात. "मास्तराला कितीही."

आणि तेव्हा, पुरचुंडीकडे बघत, मी म्हणालो की साहेबांनी रजा नाकारली. पुढच्या आठवड्यात जाऊ.

"असू दे," तुम्ही म्हणालात. "मी निघालोच आहे. तू ये सावकाश."

रजा मिळाली होती. ऑफिसातले चौघे साहेबांच्या जीपमधून निघाले होते, तेही हर्णैलाच, आणि पाचवी जागा मला देऊ केली होती. नवा माणूस, साहेबांना नाही कसं म्हणायचं, हे कारण मी बरीच वर्षं वापरलं. खरं असं की तुमच्याबरोबर घाटाच्या प्रत्येक वळणावर मला संधी सोडवावा लागला असता, आणि मला दोन दिवस कुणाचा विद्यार्थी व्हायचं नव्हतं. मी गेलो. लिलाव पाहिला, सुरमई खाल्ली, गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढला. ओहोटी बघायचं लक्षात राहिलं नाही.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही येता. दारात माझ्या चपला आडव्या पडल्या आहेत, तुम्ही वाकून त्या बाजूला ठेवता, आणि पट्ट्यांतून वाळू पायरीवर सांडते. तुम्ही ती बोटानं पसरता. बारीक, काळसर, मधे शिंपल्यांचा चुरा. मी दारात उभा आहे. तुम्ही वर बघत नाही.

"शेजारी बांधकाम चाललंय वाटतं," तुम्ही म्हणता.

"हो. कोपऱ्यावर."

"त्रास होत असेल."

"होतो थोडा."

मग आपण चहा प्यालो. जाताना मी पुरचुंडी पुढे केली, तर म्हणालात, "ठेवलेलं प्रस्थान परत नेऊ नये. राहू दे तुझ्याकडे." पुढच्या आठवड्याचा विषय मी काढला नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. थंडी पडू लागली तेव्हा तुम्ही गेलात. खांदा द्यायला मी होतो, चांगला पुढच्या बाजूला. नंतर बदली सांगलीला झाली आणि पश्चिमेला निघालेले तुम्ही माझ्या ट्रंकेतून आग्नेयेला आलात, समुद्रापासून आणखी लांब. दर शरदात मला तुम्ही दिसता. स्टँडवर पाठमोरे उभे असता, काखेत छत्री, कोकणची गाडी कुठे लागते ते कंडक्टरला विचारत. पुढे जाऊन बघावं तर भलताच म्हातारा असतो, तासगावला निघालेला. आणि घरात शिरताना मी अजून चपला पायरीखाली झटकतो. बायको म्हणते, "रोज काय देवळात चाललाय का?"

गेल्या रविवारी ती बॅग काढायला माळ्यावर चढली आणि पुरचुंडी खाली आली. सासूबाई आमच्याकडे असतात, जतकडच्या, निम्मं आयुष्य मेंढरांमागं चाललेल्या. निघणं म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून चांगलं कळतं.

"आवं, हे परस्थान हाय न्हवं? कुणाचं?"

"माझ्या गुरुजींचं."

"ते तर कवाच गेलं की."

"हो."

"कुटं निघालं हुतं?"

"हर्णैला."

बायको माळ्यावरच थांबली. सासूबाईंनी पुरचुंडी मांडीवर घेतली. "परस्थान ठिवलेला माणूस घरचा ऱ्हात न्हाई आन् गावाला पोचलेला नसतू. वाटंवर असतू. तुमी म्हातारबाला माळ्यावर कोंडलाय व्हय एवढी वर्सं?"

"आई, घाबरवू नको त्यांना," वरून बायको म्हणाली. "आधीच समुद्राला भितात."

सासूबाईंनी गाठ सोडली. मी कधी सोडली नव्हती. तांदळाचं पीठ झालेलं, एक हळकुंड, औषधाची धुतलेली रिकामी बाटली, बहुतेक समुद्राचं पाणी आणायला. आणि सुपाऱ्या दोन.

"दोगांचं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात माणशी एक सुपारी ठिवत्यात."

दुसरी सुपारी माझी होती, गुरुजी. माझा वार चुकू नये म्हणून मला न सांगता तुम्ही माझंही प्रस्थान ठेवलं होतंत. मी त्याच मुहूर्तावर निघालो आणि पोचलोही.

आज गुरुवार. सकाळी मी नवे तांदूळ घालून पुरचुंडी पुन्हा बांधली आणि पलीकडच्या बंगल्यात, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांकडे ठेवून आलो. पश्चिमेला तेवढंच घर आहे. "किती दिवस ठिवायचं, सर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, उद्या पहाटे पाचला नेतो. "मंग घरातच का न्हाई ठिवलं?" फौजी माणसाला दिशाशूल समजावण्यात अर्थ नव्हता. बायकोनं खिडकीतून सगळं पाहिलं, तेव्हा मीच म्हणालो की घाटात सांगतो. "घाटात तुम्हाला मळमळतं," ती म्हणाली. "चिपळूणला सांगा."

हे पत्रही पुरचुंडीत घालणार होतो. घातलं नाही. तुम्ही आधी शुद्धलेखन तपासाल आणि मजकूर मागे पडेल. ते इथेच टेबलाच्या खणात राहील. बाटली भरून आणीन. ओहोटी किती वाजता आहे तेही पाहून ठेवलं आहे, पाणी कसं मागे जातं ते या खेपेला नीट बघीन. चिपळूणला बायकोला काय सांगायचं ते जुळवतो आहे आणि प्रत्येक वेळी त्या पायरीशी अडतो आहे, म्हणून आधी तुम्हालाच सांगून बघतो. कोपऱ्यावर बांधकाम चालू नव्हतं.